गुरुजींच्या शेतावर: कॅन्ससमधले सहा दिवस

बुधवार

विचिटामधल्या माझ्या लेकीच्या कारखान्यात तिच्या शेजारी एक मुलगी बसते. मी निफाड तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग काकूंना माझ्या आजोबांकडे पाठव. तेही मास्तर होते, शेतकरी तर आहेतच. जूनमध्ये गव्हाचा हंगाम असतो." लेकीने विचारलं आणि मी लगेच हो म्हणाले. अमेरिकेत येऊन दीड महिना झाला होता आणि पायाला माती लागली नव्हती.

विचिटाहून न्यूटन, तिथून पंधरा नंबरच्या रस्त्याने सरळ उत्तरेला गेसल. जेमतेम पाचशे वस्तीचं गाव. गाडीतून मी एकच गोष्ट बघत होते, रस्ते. दर मैलाला एक रस्ता, तोही काटकोनात, जणू कुणी चौकटीची वही उघडून ठेवली आहे. एका चौकटीत ६४० एकर. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत कज्जे होतात, इथे बांधच दिसेना.

गुरुजी फाटकापाशी उभे होते. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी मनात पहिल्या तासातच त्यांना गुरुजी म्हणू लागले होते. वय ८४. उंच, किंचित वाकलेले, खिशाला पेन. शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग आणि खिशाला पेन, हे मी दुसऱ्या कुणाकडे एकत्र पाहिलेलं नाही. आजी त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा, मांस चालतं का?

हे घर मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचं. मेनोनाइट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घोडागाड्या आणि काळे झगे आले होते. ते आमिश. १६९३ साली वेगळे झालेले चुलतभाऊ म्हणा. या घरी मोटारी आहेत, फोन आहे, उपग्रहावर चालणारा हार्वेस्टर आहे. वेगळेपण बाहेरून दिसत नाही. ते कळायला मला शुक्रवार उजाडावा लागला.

जेवणाआधी सगळ्यांनी हात धरले, डोळे मिटले. शाळेत मध्यान्ह भोजनाआधी मुलांकडून श्लोक म्हणवून घेतला की जी शांतता पसरते, तीच इथे होती.

गुरुवार

पहाटे पाचला उठून तयार झाले तर गुरुजी कॉफी पीत निवांत बसलेले. "दव वाळल्याशिवाय काड कापलं जात नाही, अकरापर्यंत काही नाही." मग त्यांनी मला आवार दाखवलं. तुतीची झाडं होती, खाली जांभळा सडा. मेनोनाइटांनी रशियातून येताना रेशमासाठी तुती आणली. रेशीम फार काळ चाललं नाही, तुती मात्र कुंपणाला राहिली.

बागेच्या दारापाशी एक दगड पडलेला होता. मी त्याच्यापाशी बराच वेळ बसले. चुनखडीचा रूळ, गुडघ्याच्या वर येईल एवढा जाड, आणि अंगभर उभे सात दात कोरलेले. दातांच्या कडा झिजून गोल झालेल्या, एका दाताला मोठा टवका गेलेला, दोन दातांमधल्या खाचेत पावसाचं पाणी आणि तुतीची दोन फळं. हा मळणीचा दगड. घोडे जुंपून खळ्यावर फिरवायचा. रशियात हेच वापरत, म्हणून इथे आल्यावर तसाच घडवून घेतला, आणि थोड्याच वर्षांत मळणीयंत्रं आली. न्यूटनजवळच्या बेथेल कॉलेजचं बोधचिन्हही हाच दगड आहे. आमच्या खळ्यावर बैलांची पात फिरायची. तिवड्याला बांधलेले बैल, तोंडाला मुसकी. मी गुरुजींना जमिनीवर काडीने काढून दाखवलं. त्यांनी विचारलं, "तोंड का बांधता?" मी म्हटलं, धान्य खाऊ नये म्हणून. ते म्हणाले, बायबलात मळणीच्या बैलाचं तोंड बांधू नये असं लिहिलंय. मग थोड्या वेळाने, "पण माझ्या आजोबांनी घोड्यांची बांधली असतील. गरीब होते."

अकरा वाजता त्यांच्या धाकट्या मुलाने हार्वेस्टर काढला. पहिल्या पट्ट्यातला मूठभर गहू गुरुजींनी चावून बघितला, मग नमुना गावच्या सहकारी गोदामात पाठवला. ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या आत हवा. आला तेरा. निघाले मग.

मी केबिनमध्ये लेकाच्या शेजारच्या छोट्या आसनावर बसले. समोर गव्हाचं पिवळं पाणी आणि आपण त्यात शिरतोय. इथला गहू आपल्यासारखा दिवाळीनंतर पेरून होळीला काढायचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, रोप वीतभर होतं आणि बर्फाखाली झोपी जातं. ती झोप मिळाली नाही तर त्याला लोंबीच येत नाही. मार्चमध्ये उठतं, जूनमध्ये पिकतं. नऊ महिने.

हा हिवाळी गहू इथे कुणी आणला, ती गोष्ट गुरुजींनी यंत्रांच्या शेडमध्ये सांगितली. तिथे भिंतीवर एक फळा आहे. शाळा बंद झाली तेव्हा लिलावात घेतलेला. त्यावर ट्रकच्या खेपा खडूने लिहितात. गुरुजींनी एक कोपरा पुसला आणि शिकवायला लागले. मीही नकळत सावरून बसले.

१८७४ साली दक्षिण रशियातल्या मोलोच्ना वसाहतीमधून अलेक्झांडरवोल नावाचं जवळपास सगळंच्या सगळं गाव उठलं, सुमारे आठशे माणसं, आणि दोन जहाजांतून अमेरिकेला आलं. कारण सैन्यभरती. मेनोनाइट शस्त्र हातात घेत नाहीत. मेनो सिमन्स या डच धर्मगुरूच्या नावावरून त्यांचं नाव पडलं. त्याने १५३६ साली आपलं पद सोडलं, पण चळवळीचा आरंभ त्याच्याही आधीचा, १५२५ मधला, झुरिकचा. शस्त्र नको म्हणून हे लोक हॉलंडहून पोलंडला, तिथून राणी कॅथरीनच्या आश्वासनावर रशियाच्या गवताळ मुलखात गेले. शंभर वर्षांनी झारने आश्वासन मागे घेतलं. इकडे सांता फे रेल्वेला रुळांच्या दोन्ही अंगांची जमीन विकायची होती. अशी गाठ पडली. त्यांच्यासोबत आला तो तांबडा, कडक दाण्याचा गहू, टर्की रेड.

मुलांनी रात्री दिव्याखाली बसून एकेक दाणा निवडून पेट्या भरल्या, अशी कथा इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. गुरुजी म्हणाले, कथा गोड आहे, मीही वर्गात सांगायचो, पण त्याबरोबर हेही सांगायचो की गहू खरा पसरला तो बर्नहार्ड वॉर्केंटिन नावाच्या गिरणीवाल्याने पुढे रशियातून मोठ्या प्रमाणावर बी मागवलं तेव्हा. त्यांचा हा स्वभाव मला फार आवडला. कथा मोडायची नाही, शेजारी खरं ठेवायचं.

मग त्यांनी फळ्यावर एक बाण काढला, कॅन्ससहून जपानला. टर्की रेडशी संकर करून तिथे १९३५ साली नोरिन-१० ही बुटकी जात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचं बी वॉशिंग्टन राज्यात आलं, तिथून मेक्सिकोत गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे, आणि १९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन बी भारतात. बाणाचं टोक त्यांनी माझ्याकडे वळवलं. "पुढचं तुम्ही सांगा."

पुढचं मला माहीत होतं. कल्याण सोना. मी आठ-नऊ वर्षांची असताना वडिलांनी पहिल्यांदा पेरला. गावातली म्हातारी माणसं बांधावर येऊन म्हणायची, हा कसला बुटका गहू, बैलाला काड कुठून आणणार? पण तो वाऱ्याने लोळला नाही, आणि त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदा भाकरीऐवजी रोज पोळी झाली. त्या पोळीत या मातीतला कुणी पूर्वज होता, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी एका शेडमध्ये फळ्यावर कळलं. मला बोलता येईना. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि बाहेर ट्रक आला का बघायला गेले.

रात्री मी त्यांच्या गव्हाच्या पोळ्या केल्या. कणीक तिंबताना रबरासारखी, लाटली की आक्रसून पुन्हा पुरीएवढी होणारी. पाव फुगवायचा गहू हा, पोळीचा नव्हे. अर्धा तास झाकून ठेवली, तेलाचा हात जास्त लावला, तेव्हा कुठे वळली. तांबूस झाल्या. गुरुजींनी प्लमच्या मुरंब्याबरोबर पाच खाल्ल्या.

शुक्रवार

पहाटेपासून पाऊस. शेत बंद. गुरुजींनी मला गेसलच्या संग्रहालयात नेलं. तिथे १८७४ च्या घरांचे नमुने आहेत, गव्हाच्या काडाची विणलेली अमेरिकन स्वातंत्र्यघंटा आहे, अगदी खऱ्या मापाची. आणि एक खोलीची शाळा आहे. ते अशाच शाळेत शिकले. घरात प्लाउटडीच बोलायची, तो त्यांचा जुना, सखल जर्मन बोलीचा वारसा. शाळेत मात्र इंग्रजी. ते लहान बाकावर बसले, गुडघे वर आले, आणि तिथेच त्यांनी मला स्वतःचं सांगितलं.

१९५९ साली ते बेथेल कॉलेजात गेले. पहिल्याच वर्षी, जानेवारी १९६० मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग तिथे भाषणाला आले. किंग त्याच्या आदल्या वर्षी भारतात येऊन गेले होते, मुंबईत मणिभवनात गांधींच्या खोलीत राहिले होते. अठरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराला त्या संध्याकाळी वाटलं, आपण जे घरी शिकलो ते जगात दुसरीकडेही कुणी जगतंय. १९६३ साली पदवी मिळाली आणि लगोलग सैन्यभरतीचा कागद आला. कायद्याने सद्‌सद्‌विवेकाने नकार देणाऱ्याला दोन वर्षं पर्यायी सेवा करता येत होती. पण त्यासाठी मंडळापुढे उभं राहून उत्तरं द्यावी लागत. कुणी तुझ्या आईवर हात टाकला तर काय करशील? हा ठरलेला प्रश्न. "मी म्हणालो, मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की मी ते शिकून घ्यायला जाणार नाही."

दोन वर्षं त्यांनी डेन्व्हरच्या एका रुग्णालयात रुग्णांचे अंग पुसण्याचं, भांडी नेण्याचं काम केलं. मग परत येऊन सरकारी शाळेत इतिहास आणि गणित. ते वर्ष १९६५. त्यांच्या वर्गातली मेनोनाइट नसलेली पोरं थोड्याच वर्षांत व्हिएतनामला जाऊ लागली. एक परत आला नाही. "तो भागाकारात कच्चा होता. मी त्याला सुट्टीत थांबवून घ्यायचो." एवढं बोलून ते गप्प झाले. दर मे महिन्यात, सगळे सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावतात तेव्हा, गुरुजी त्याच्या थडग्याभोवतीचं गवत कापून येतात. झेंडा लावत नाहीत. गवत कापतात.

त्यांच्या आधीच्या पिढीला हा नकार याहून महाग पडला होता. पहिलं महायुद्ध संपलं त्याच दिवशी, ११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धाचे रोखे घेत नाही म्हणून जॉन श्राग या मेनोनाइट शेतकऱ्याला जमावाने जवळच्या बर्टन गावात ओढत नेलं, अंगाला पिवळा रंग फासला आणि फाशी देऊ म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात कायदा सुधारला. सुमारे बारा हजार नकार देणारे जंगलखात्यात, वेड्यांच्या इस्पितळांत राबले. तिथले हाल बघून आलेल्यांमुळे मेनोनाइटांनी पुढे स्वतःची मनोरुग्णालयं काढली. न्यूटनमधलं १९५४ चं आहे.

आता मला सांगावंच लागणार होतं. माझे थोरले भाऊ फौजेत होते. १९७१ च्या लढाईत पायाला गोळी लागून परत आले. आमच्या घरात त्यांचा फोटो देवघराशेजारी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मी सांगितलं, जरा ताठपणेच सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी उपदेश येईल.

गुरुजींनी दादाचं नाव विचारलं. दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाले, "त्यांना रात्री झोप लागते का?"

चोपन्न वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. घरात कुणीच नाही.

शनिवार

जमीन ओली. आजींनी मला बैठकीत बोलावलं. चौकटीवर ताणलेली गोधडी. जुन्या कपड्यांचे चौकोन जोडलेले, मध्ये कापूस, आणि आपल्यासारखा धावदोरा नाही, तर चार-चार बोटांवर दोरा आरपार नेऊन वर गाठ. सुई खाली, सुई वर, दोनदा फेर, ओढ, काप. पहिली दहा मी चुकवली. आजींनी न बोलता सोडवली. या गोधड्या मेनोनाइट सेंट्रल कमिटीमार्फत निर्वासितांच्या छावण्यांत जातात. ही संस्था १९२० साली निघाली तीच मोलोच्नाच्या दुष्काळासाठी. मागे राहिलेल्या नातलगांना आधी अन्न गेलं, मग १९२२ मध्ये पन्नास ट्रॅक्टर, कारण नांगराला घोडाच उरला नव्हता. आज तो मुलूख युक्रेनच्या झापोरिझियात आहे आणि पुन्हा युद्धात. "गोधड्या पुन्हा तिकडेच जातात," आजी म्हणाल्या, आणि दोरा दाताने तोडला.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक पितळी पळी टांगलेली आहे. त्यांची आत्या चांप्याला कुष्ठरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका होती. चांपा म्हणजे आज छत्तीसगड, तेव्हा मध्य प्रांत, राजधानी नागपूर. छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळाच्या सुमाराला मेनोनाइट तिकडे धमतरी आणि चांप्याला आले ते तिथेच राहिले. पळी हातात घेतली तर दांड्यावर आपल्याकडच्यासारखाच मोर.

चार मुलं त्यांना. धाकटा शेतात, एक मुलगी न्यूटनला परिचारिका, एक कॅनडात विनिपेगला शिक्षिका. थोरला विचिटात विमानांच्या कारखान्यात, जिथे लष्कराचीही कामं होतात. त्याचीच मुलगी माझ्या लेकीच्या शेजारी बसते. लष्कराच्या त्या कामांवरून एक वर्ष गुरुजी आणि थोरला बोलत नव्हते, हे आजींनी सांगितलं. "मग?" मी विचारलं. "मग हंगाम आला. ट्रक चालवायला माणूस कमी होता." माझी लेकही तिथेच काम करते, तिच्या पगारावर मी हा देश बघतेय. मी पुढची गाठ मारली. ती नीट बसली.

रात्री दादाला फोन लावला. इकडची रात्र, तिकडची सकाळ. विचारलं, "दादा, तुला रात्री झोप लागते का रे?" बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "एक-दीडला जाग येते. विहिरीवर जाऊन बसतो. तुझी वहिनी म्हणते मोटर बघायला जातात." आणि मग, "कोणी सांगितलं तुला?"

रविवार

ऊन लख्ख, गहू वाळलेला, सोमवारी रात्री पुन्हा वादळाचा अंदाज. आणि हार्वेस्टर शेडमध्ये उभा. रविवारी काम नाही. धाकटा लेक चर्चच्या पायरीवर आभाळाकडे बघत उभा होता. आयतं पीक उभं असताना हात बांधून बसायला काय लागतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल.

रशियातल्या त्या गावाचंच नाव लावणारं अलेक्झांडरवोलचं चर्च शेतांच्या मध्येच आहे, गेसलच्या उत्तरेला, १८८६ चं, पुढे १९२८ मध्ये वाढवलेलं. प्रवचन मला अर्धंच समजलं. गाणं मात्र पूर्ण. वाद्याशिवाय, सगळी सभा चार सुरांत, कुणी पुढे उभं राहून दाखवत नव्हतं. शेजारची बाई वरचा सूर, गुरुजी खालचा, आणि तो खालचा सूर बाकाच्या लाकडातून माझ्या पाठीला लागत होता.

दुपारी फास्पा. रविवारी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशीचे झ्वीबाक, चीज, मुरंबा, कॉफी. झ्वीबाक म्हणजे एकावर एक दोन पाव. आजींनी शनिवारी करताना मला दाखवलं होतं. अंगठा आणि तर्जनीच्या कडीतून पीठ पिळायचं, मोठा गोळा खाली, छोटा वर, आणि अंगठ्याने मधोमध खोल दाब, नाहीतर भट्टीत वरचा घसरतो. माझे चार घसरले. तेच गुरुजींनी उचलून घेतले. माझ्यासाठी वेरेनिकेही होते, ताज्या पनीरचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या, मांसाच्या रश्शाशिवाय, साईबरोबर.

सोमवार

दहालाच सुरुवात. विचिटाहून थोरला लेक रजा टाकून आला होता, ट्रक त्याच्याकडे. दुपारी हार्वेस्टरचं एक बेअरिंग गेलं, दीड तास गेला, गुरुजींनी त्या वयात यंत्राखाली आडवं पडून बॅटरी धरली. कुणी ओरडलं नाही. पश्चिमेला ढग चढत होते. मी आणि आजींनी शेतावर जेवण नेलं. पोळ्यांत बटाट्याची भाजी गुंडाळून, म्हणजे एका हाताने खाता येईल. थोरल्याने दोन मागितल्या.

रात्री पावणेनऊला शेवटचा पट्टा निघाला. सूर्य टेकला होता. फळ्यावर गुरुजींनी बेरीज केली. एकरी ५२ बुशेल. भाव बुशेलला पाच डॉलरच्या आसपास, म्हणजे खर्च निघेल, फार नाही. कुणी आनंद केला नाही की कुरकूर केली नाही. थोरला आणि धाकटा हार्वेस्टरच्या सावलीत एकाच बाटलीतून पाणी पीत बसले.

मी दादाला व्हिडिओ लावला आणि मोबाईल गुरुजींच्या हातात दिला. दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग गुरुजींनी दादाचं नाव घेतलं, बरोबर घेतलं. दादाने हात जोडले. गुरुजींनी मोबाईल फिरवून कापलेलं शेत दाखवलं.

दादा म्हणाला, "विचार गं, एकरी किती?"

गुरुजींनी फळ्यावर हिशोब मांडला. एक बुशेल २७ किलो, ५२ बुशेल, चौदा क्विंटल. दादाने मान डोलावली. "आणि पाण्याच्या पाळ्या किती दिल्या?"

मी इंग्रजीत सांगितलं. गुरुजींनी बोट आभाळाकडे केलं. एकही नाही, जेवढं वरून आलं तेवढंच.

दादा हसला. मग त्यानेही आपला मोबाईल वर धरला, पत्र्याच्या कडेपलीकडे. निफाडला पाऊस लागला होता.